पन्नाशीनंतर बाईने विचारायचे कुणाला?

गेल्या वर्षावासातली गोष्ट. शेलारच्या वस्तीत विहारातले त्या संध्याकाळचे ग्रंथवाचन संपले, वंदना झाली, बाया चपला शोधत बाहेर पडल्या. एक मावशी मात्र सतरंजीची घडी घालण्याच्या निमित्ताने मागे रेंगाळल्या. साठीच्या आसपासचे वय. नवरा जाऊन सहा वर्षे झालेली. सगळ्या गेल्यावर आमच्याजवळ येऊन खालच्या आवाजात म्हणाल्या, "सिस्टर, पाळी जाऊन बारा वर्सं झाली. दिवाळीपासनं पुन्हा अंगावरून लाल जातंय. पाळी परत येती का हो?"

दिवाळीपासून म्हणजे आठ महिने. या आठ महिन्यांत त्यांनी शेजारणीला विचारले होते. तिने उष्णता सांगून सब्जा प्यायला लावला. सुनेला सांगायची लाज वाटली. मुलाला सांगण्याचा तर प्रश्नच नव्हता. मुलाने दिलेला मोबाइल हातात होता. लिहिता येत नाही, पण बोलून शोधता येते हे नातवाने शिकवले होते. एके दुपारी घरात कुणी नसताना त्यांनी फोनला विचारले, व्हिडिओ आला, थोडा पाहिला. दुसऱ्या दिवशी नातवाने तोच फोन गेम खेळायला घेतला, तर वर तसलेच चार-पाच व्हिडिओ उभे! "आजी, तू हे काय बघतेस?" असे तो सगळ्यांसमोर म्हणाला. तेव्हापासून मावशींनी फोनला पुन्हा काही विचारले नाही.

आम्ही त्यांना घेऊन दवाखान्यात गेलो. तपासणी झाली, तुकडा काढून पाठवला. गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग निघाला. त्या आज उपचार घेत आहेत. आठ महिने आधी आल्या असत्या तर उपचार हलके पडले असते, असे डॉक्टर म्हणाले. हे सारे त्यांच्या परवानगीने आणि ओळख लागणार नाही अशा बेताने लिहिले आहे. "लिहा. दुसरीचं तरी लवकर कळंल," असे त्याच म्हणाल्या.

या पानावर आपण साखर, रक्तदाब, मुलांचे लसीकरण यावर नेहमी वाचता. आज लैंगिक आरोग्यावर लिहितो आहोत, आणि तेही आपल्या आई, मावशी, आत्या, आजीच्या. हा शब्द ऐकून काही वाचक पान उलटतील. त्यांना विनंती, की थोडे थांबा. लैंगिक आरोग्य म्हणजे तरुणांचे चाळे नव्हेत आणि भिंतीवरच्या 'गुप्तरोग' जाहिरातीही नव्हेत. पाळी गेल्यावर खाली होणारी आग, कोरडेपणा, खाज, अंगावरून जाणे, हसताना-खोकताना लघवी सुटणे, अंग बाहेर येणे, नवऱ्याजवळ जाताना होणारा त्रास, नको असताना नाही म्हणता न येणे आणि हवे असताना तसे बोलता न येणे, हे सगळे त्यात येते. आपल्या घरातली प्रत्येक बाई यातल्या कशातून ना कशातून जाते आणि बहुतेक वेळा गप्प राहून जाते.

ही गप्प राहण्याची सवय किती जुनी आहे, ते महाराष्ट्रातल्याच एका अभ्यासाने जगाला दाखवले. डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली. १९८९ मध्ये ती 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोगांपैकी किंवा लैंगिक आजारांपैकी एक तरी आजार होता आणि सरासरीने एकेकीला तीनहून अधिक. याआधी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया फक्त ८ टक्के होत्या. दुखणे सगळ्यांना होते, पण विचारायला जागा नव्हती. त्याला आता पस्तीस वर्षांहून अधिक काळ झाला. दवाखाने वाढले, फोन आले. पन्नाशी ओलांडलेल्या बाईला विचारायला जागा झाली का?

सरकारचा हिशोब पाहा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात स्त्रियांना पाळी, गर्भधारणा, लैंगिक आजार, नवऱ्याची मारहाण याविषयी प्रश्न विचारतात ते १५ ते ४९ या वयापर्यंत. बाई पन्नास वर्षांची झाली की त्या तक्त्यातून गळते. मूल होण्याच्या वयापुरतीच तिच्या शरीराची चौकशी. कुटुंब नियोजनाचे ऑपरेशन झाले, पाळी गेली, की आरोग्य खात्याचे तिच्याकडचे काम जवळजवळ संपते. वस्तीत आशाताई येते ती गरोदर सुनेकडे आणि बाळाकडे. दारात बसलेल्या सासूला ती पाणी मागते, तुम्हाला काय होते हे विचारत नाही. त्यात आशाताईचा दोष नाही. 

म्हणून अशा बायांसाठी ऑनलाइन मदत असावी, असे आम्हाला वाटते. घरबसल्या, तोंड न दाखवता, नाव न सांगता विचारता आले तर लाजेचा डोंगर निम्मा होतो. आणि ही कल्पना आपल्याला परकी नाही. इंटरनेट नव्हते तेव्हा हे काम पोस्टाच्या पाकिटातून होत होते.

र. धों. कर्वे यांनी जुलै १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवले. त्यात वाचक पत्राने प्रश्न विचारत. जे घरात बोलता येत नाही, डॉक्टरला सांगता येत नाही, ते कागदावर लिहून पाठवत. कर्वे त्यांना शास्त्राला धरून उत्तर देत. या प्रश्नोत्तरांवरून १९३४ मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. त्या खटल्यात कर्व्यांच्या बाजूने वकील म्हणून कोर्टात उभे राहिले ते आपले बाबासाहेब. लैंगिक विषयावर कुणी प्रश्न विचारला आणि त्याला खरे उत्तर दिले, तर त्यात अश्लील काय, अशी त्यांची बाजू होती. खटला हरला, कर्व्यांना २०० रुपये दंड झाला. पण बाबासाहेब कुठल्या बाजूला उभे होते, ते इतिहासात नोंदले गेले. पुढे १० नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबईच्या विधानसभेत स्वतंत्र मजूर पक्षाच्या वतीने पी. जे. रोहम यांनी संततिनियमनाचा ठराव मांडला. त्या भाषणामागेही बाबासाहेबच होते. तोही ठराव फेटाळला गेला.

म्हणजे 'असले प्रश्न विचारायचे नसतात' असे म्हणणाऱ्यांच्या बाजूला आपण कधीच नव्हतो. आपली बाजू प्रश्न विचारणाऱ्याची आहे. मात्र हेही खरे, की त्या काळातला झगडा मुख्यतः बाळंतपणांच्या ओझ्याचा होता. ते ओझे उतरलेल्या बाईचे काय, हा प्रश्न पुढच्यांसाठी राहिला. तो आपण हाती घ्यायचा आहे.

आता ही मदत कशी असावी ते पाहू. इथेच मोठी चूक होण्याचा संभव आहे.

वस्तीतला एक मुलगा इंजिनिअर झाला आहे. गुणी पोरगा. विहाराच्या कामात नेहमी पुढे. आमचे बोलणे ऐकून त्याने महिनाभर रात्री जागून एक ॲप तयार केले. गुलाबी रंगाचे, छान दिसणारे. आम्ही महिला मंडळातल्या सात-आठ जणींना दाखवायला बसलो. पहिल्याच पानावर आले: नाव, वय, मोबाइल नंबर, ओटीपी. एका मावशींनी विचारले, "तो नंबर कुठं येणार?" आम्ही म्हणालो, तुमच्या सिमवर. त्या म्हणाल्या, "सिम पोराच्या नावाचं. मेसेज त्याच्याच फोनवर जातोय. ग्यासचा, बँकेचा, समदा त्याच्याकडंच." गुलाबी ॲप तिथेच थांबले. तो मुलगा हिरमुसला नाही. त्याने वही काढली आणि बाया सांगतील तसे लिहून घ्यायला बसला. त्या दुपारी बायांनी त्याला जे शिकवले, तेच आम्ही इथे मांडतो आहोत.

पहिले, फोन बाईचा नसतो. राष्ट्रीय सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे ३८ टक्क्यांनीच कधी ना कधी इंटरनेट वापरले होते. पुरुषांत हे प्रमाण ६१ टक्क्यांच्या वर होते. पन्नाशीच्या पुढच्यांचा आकडा त्यात नाहीच, पण वस्तीत फिरणाऱ्याला तो दिसतो. वयस्क बाईकडे बहुधा बटणाचा फोन असतो, किंवा मुलाने नवा घेतल्यावर उतरवून दिलेला. तो नातू वापरतो, सून वापरते. म्हणून मदतीचे दार बटणाच्या फोनवरही उघडले पाहिजे. तिने मिस्ड कॉल द्यावा आणि समोरून फोन यावा. नाव नको, ओटीपी नको, खाते उघडणे नको. आलेल्या फोनवर पहिले वाक्य असावे, "आत्ता बोलता येईल का?" ती 'राँग नंबर' म्हणाली तर समजून फोन ठेवावा आणि पुन्हा तिच्या मिस्ड कॉलची वाट पाहावी.

दुसरे, वेळ. शहरातले लोक म्हणतात, दुपारी घरात कुणी नसते, तेव्हा बोला. भिवंडीत तसे नसते. यंत्रमागावर बारा-बारा तासांची पाळी. रात्रपाळीचा माणूस दिवसा घरात झोपलेला असतो. दहा बाय बाराच्या खोलीत तो एका बाजूला झोपलेला आणि बाई दुसऱ्या बाजूला कांड्या भरत बसलेली. ती फोनवर काय बोलणार? मग तिला एकटीला मिळणारी वेळ कोणती? बायांनीच सांगितले: विहारात येते ती वेळ. तिथे जायला कुणी अडवत नाही आणि का गेलीस म्हणून विचारत नाही. म्हणून ऑनलाइन मदतीचे एक टोक विहाराच्या कोपऱ्यात असावे, असे आमचे म्हणणे आहे. एक खुर्ची, एक पडदा, कानाला लावायच्या तारेसह एक फोन, आणि आठवड्यातून दोन दिवस दोन-दोन तास. तो फोन कुणाच्या घरचा नसेल, त्यामुळे त्यात काय पाहिले हे कुणाच्या नातवाला दिसणार नाही. कॉल झाला की नोंद पुसायची.

तिसरे, आवाज आणि शब्द. ज्यांना वाचता येत नाही त्यांना लेख पाठवून उपयोग नाही. दोन-तीन मिनिटांचे आवाजातले उत्तर हवे आणि ते स्पीकरवर नाही, कानाशी ऐकता यावे. शब्द बायांचे हवेत. 'योनिमार्गातील शुष्कता' म्हटले तर कुणाला कळणार? बाया म्हणतात, खाली आग होते, खरखरतं, अंगावरून पांढरं जातं, अंग बाहेर आलंय, पिशवी खाली आलीय. आपल्या वस्तीत मराठवाड्यातून आलेल्या आहेत, खानदेशातून, विदर्भातून, कोकणातून आलेल्या आहेत. प्रत्येकीचा शब्द वेगळा. आधी ते शब्द गोळा करा, मग उत्तरे तयार करा. शास्त्राचा शब्द उत्तराच्या शेवटी सांगावा, म्हणजे डॉक्टरसमोर तो तिला वापरता येईल.

चौथे, पलीकडे माणूस हवे, आणि बाई हवी. यंत्राने दिलेले उत्तर कितीही बरोबर असले तरी मावशी आधी इकडचे-तिकडचे बोलते. गुडघा दुखतो म्हणते, झोप लागत नाही म्हणते. चौथ्या-पाचव्या वाक्याला खरे दुखणे येते. ते ओळखायला कान लागतो. वस्तीतल्या शिकलेल्या मुली, निवृत्त नर्स, आशाताई यांना शिकवून हे काम देता येईल. पण त्यांना मर्यादाही शिकवावी लागेल. औषध लिहून देण्याचा अधिकार नोंदणीकृत डॉक्टरचाच. केंद्र सरकारने २५ मार्च २०२० रोजी दूरवैद्यकाचे नियम काढले, त्यांतही तेच आहे. आम्ही ऐकतो, समजावतो, पुढचे दार दाखवतो. फोनवर गोळ्या सांगणारी बाई कितीही जवळची असली तरी तिचे ऐकू नका. आम्ही सांगितल्या तरी ऐकू नका.

पाचवे, गुपित. व्हॉट्सॲपचा ग्रुप करू नका. ग्रुपमध्ये प्रत्येकीचा नंबर सगळ्यांना दिसतो, आणि एकीने चुकून पाठवलेला आवाज शंभर घरांत वाजतो. यादी ठेवू नका. कुणाला कोणता आजार हे लिहिलेला कागद वस्तीत फिरला तर ती बाई पुन्हा विहाराची पायरी चढणार नाही. २०२३ साली आपल्या देशात व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. संमतीशिवाय कुणाची माहिती वापरायची नाही, हे त्याचे मूळ आहे. ज्या माहितीची गरज नाही ती घ्यायचीच नाही, हा आपला नियम असावा.

सहावे आणि सगळ्यात महत्त्वाचे, फोनच्या पुढे दवाखान्याचे दार हवे. "डॉक्टरला दाखवा" एवढे सांगून फोन ठेवणे म्हणजे मदत नव्हे. कुठल्या दारात, कुठल्या दिवशी, सोबत कोण, बाई डॉक्टर असेल का, खर्च किती, हे सांगता आले पाहिजे. सरकारची ई-संजीवनी ही मोफत सेवा एप्रिल २०२० पासून सामान्य माणसाला घरून डॉक्टरशी बोलण्यासाठी खुली आहे. घरून वापरायची तर तिथेही मोबाइलची अडचण आहेच. पण आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणजे आपले उपकेंद्र, तिथले समुदाय आरोग्य अधिकारी स्वतःच्या यंत्रावरून डॉक्टरशी जोडून देऊ शकतात. तिथे बाईचा फोन लागत नाही. ही सोय आहे हे किती जणींना माहीत आहे? प्रत्यक्ष तपासणीची गरज असेल तर प्राथमिक आरोग्य केंद्र आहे, भिवंडीत इंदिरा गांधी स्मृती उपजिल्हा रुग्णालय आहे. पहिल्या वेळी सोबत बाई द्या. एकदा सोबत गेलेली बाई दुसऱ्या वेळी एकटी जाते, हा आमचा अनुभव आहे.

दार असले आणि बाई तिथवर पोहोचली तर काय होते, याचे पुरावे आपल्याच राज्यात आहेत. टाटा मेमोरियल रुग्णालयाने १९९८ पासून मुंबईच्या झोपडपट्ट्यांमध्ये दीड लाखांच्या आसपास स्त्रियांमध्ये अभ्यास केला. शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविकांनी गर्भाशयाच्या मुखाला पातळ ॲसिटिक ॲसिड, म्हणजे व्हिनेगरसारखे द्रावण लावून तपासणी केली. जिथे अशी तपासणी झाली तिथे या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे आजच्या धाराशिवमध्ये, ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजार स्त्रियांमध्ये झालेल्या अभ्यासाचा निकाल २००९ मध्ये आला. एकदाच एचपीव्ही विषाणूची तपासणी केलेल्या गटात मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. या बाया काही मोठ्या घरच्या नव्हत्या. त्या झोपडपट्टीतल्या आणि खेड्यातल्या, आपल्यासारख्याच होत्या. सरकारी कार्यक्रमात ३० ते ६५ वयाच्या स्त्रियांची दर पाच वर्षांनी तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाची तपासणी ठरलेली आहे. हा आपला हक्क आहे. मागितल्याशिवाय तो दारात येत नाही.

फोनच्या पलीकडे बसणाऱ्या बाईला काय सांगता आले पाहिजे, तेही थोडक्यात देतो. घरातल्या बायांना वाचून दाखवा.

पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर अंगावरून रक्ताचा एक डाग जरी दिसला तरी दाखवायचे. दर वेळी कर्करोग निघत नाही, बहुतेकदा कारण साधे असते. पण ते तपासल्याशिवाय कळत नाही. घाण वास येणारे पाणी जाणे, संबंधानंतर रक्त येणे, ओटीपोटात सतत दुखणे, स्तनात गाठ लागणे, याही थांबून न राहण्याच्या खुणा आहेत.

गर्भाशयमुखाचा कर्करोग बहुतेक वेळा एचपीव्ही विषाणूमुळे होतो. हा विषाणू शरीरसंबंधातून येतो आणि कर्करोग व्हायला त्यानंतर पंधरा-वीस वर्षेही लागतात. म्हणून नवरा जाऊन वर्षे झालेल्या बाईलाही तो होऊ शकतो. यावरून तिच्या वागणुकीविषयी कुणी बोलू नये. या लेखाच्या सुरुवातीच्या मावशी आठ महिने गप्प राहिल्या त्याचे मुख्य कारण हेच होते: "विधवा बाईला असला आजार म्हटल्यावर लोक काय म्हणतील?"

पाळी गेल्यावर शरीरातले इस्ट्रोजेन कमी होते. त्यामुळे खालची कातडी पातळ आणि कोरडी पडते, आग होते, लघवीला जळजळते. याला उपाय आहे. पाण्याची जेली मिळते, डॉक्टरांच्या सल्ल्याने लावायचे मलम मिळते. डेटॉल, साबण, लिंबू, तुरटी यांनी आतून धुऊ नका, त्रास वाढतो. खाज वरचेवर होत असेल तर रक्तातली साखर तपासा. अनेकींचा मधुमेह असाच पहिल्यांदा सापडतो.

अंग बाहेर आले म्हणून पिशवी काढलीच पाहिजे असे नाही. सुरुवातीला खालचे स्नायू आवळण्याचा व्यायाम आणि आत बसवायची रिंग यांनी अनेकींचे भागते. बीड जिल्ह्यात ऊसतोड करणाऱ्या बायांच्या पिशव्या किती सहज काढल्या गेल्या, ते २०१९ मध्ये सगळ्या महाराष्ट्राने वाचले. म्हणून कुणी लगेच ऑपरेशन सांगितले तर दुसऱ्या डॉक्टरचे मत घ्या.

मूल होण्याची भीती संपली म्हणून संसर्गाची भीती संपत नाही. एचआयव्ही आणि इतर लैंगिक आजार वय पाहत नाहीत. १०९७ या मोफत क्रमांकावर त्याविषयी विचारता येते. तपासणी सरकारी केंद्रात मोफत होते, आणि एचआयव्ही असला तरी औषधे घेऊन माणूस पूर्ण आयुष्य जगतो. नवऱ्याने किंवा घरातल्या कुणी जबरदस्ती केली, मारहाण केली तर १८१ हा महिलांसाठीचा क्रमांक आहे. १४५६७ ज्येष्ठ नागरिकांसाठी आहे.

आणि एक गोष्ट, जी कुणीच सांगत नाही. साठीतही नवरा-बायकोला एकमेकांची जवळीक हवीशी वाटली तर त्यात लाजण्यासारखे काही नाही. नकोशी वाटली तर नाही म्हणण्याचा हक्क बाईला लग्नाच्या चाळीस वर्षांनंतरही आहे. दोन्ही गोष्टी मदत देणाऱ्या बाईला न अडखळता बोलता आल्या पाहिजेत.

आम्ही हा विषय मांडला तेव्हा विहार समितीतल्या एका जुन्या कार्यकर्त्यांनी हरकत घेतली. "विहारात असला विषय? पंचशील घेतो आपण." त्यांचा आम्हाला आदर आहे. त्यांनी वस्तीसाठी लाठ्या खाल्ल्या आहेत. त्यांना आम्ही एवढेच म्हणालो, दादा, तिसरे शील व्यभिचारापासून दूर राहायला सांगते, शरीराच्या दुखण्यापासून तोंड फिरवायला नाही. अतिसाराने आजारी पडलेला एक भिक्खू स्वतःच्या घाणीत पडला होता आणि कुणी त्याच्याजवळ जात नव्हते, तेव्हा भगवान बुद्धांनी आनंदाच्या मदतीने त्याला स्वतः आंघोळ घातली. दुखणे घाण असते म्हणून ते दूर राहिले नाहीत. थेरीगाथेत आम्रपाली थेरीने आपल्या म्हातारपणी बदललेल्या शरीराचे वर्णन केस-डोळ्यांपासून पायांपर्यंत उघडपणे केले आहे. वृद्ध स्त्रीच्या शरीराविषयी बोलणे धम्माला वर्ज्य असते, तर ते शब्द अडीच हजार वर्षे जपले गेले नसते. दादा थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "पडदा मात्र जाड लावा." आम्ही तो होकारच समजलो.

तरुण म्हणतात, "सगळे इंटरनेटवर आहे, आईने बघावे." आहे खरे. पण खऱ्या माहितीशेजारीच खोटे तेल, खोटा काढा, 'सात दिवसांत गुण' असे सांगणारेही बसले आहेत. त्यातले खरे निवडायला जी शाळा लागते, ती या बायांना मिळाली नाही. त्यांनी ती आपल्याला दिली. डोक्यावर विटा वाहून, कांड्या भरून, गोदामात पॅकिंग करून त्यांनी आपल्याला शिकवले. आता आपली शिकलेली बोटे त्यांच्या कामी आली पाहिजेत.

म्हणून येत्या वर्षावासासाठी आमचे काही मागणे आहे. विहार समितीने आठवड्यातून दोनदा दोन तास एक कोपरा द्यावा. महिला मंडळाने शिकायला तयार अशा चार बाया पुढे कराव्यात, त्यांत एक तरी पन्नाशीच्या पुढची असावी. तरुणांनी मिस्ड कॉलची आणि आवाजातल्या उत्तरांची सोय बांधावी आणि आधी या बायांना विचारून बांधावी. मुलांनो, आईला एक साधा फोन आणि तिच्या नावाचे सिम घेऊन द्या आणि तो तपासू नका. सुनांनो, सासूला एकदा विचारा, "आत्या, काही त्रास आहे का? माझ्याबरोबर चला." आशाताईंना सांगा, की सासूचीही चौकशी करा. आणि आपल्या ग्रामसभेत मागणी करा, की उपकेंद्रात महिन्यातून एक ठरलेला दिवस पन्नाशीपुढच्या बायांचा असावा आणि त्या दिवशी ई-संजीवनीवर बाई डॉक्टर मिळावी.

आणि मावशींनो, हा लेख कुणी वाचून दाखवत असेल तर ऐका. तुमचे दुखणे लहान नाही, लाजिरवाणे नाही आणि वयाचा दोष म्हणून सोसायचे नाही. सतरंजीची घडी घालायच्या निमित्ताने मागे थांबायची गरज नाही. सगळ्यांबरोबर बसून विचारा. आणि अजून तेवढे धैर्य होत नसेल, तर निदान एक मिस्ड कॉल द्या. पलीकडे आपलीच बाई असेल, एवढी व्यवस्था आपण मिळून करू.

जय भीम! नमो बुद्धाय!